आपल्या नावाचं विवरणपत्र



जून लागला की आमच्या सावलीत एकीकडे धानाच्या पऱ्ह्याची गडबड सुरू होते, तर दुसरीकडे व्यापारी घरांमधून पासबुकं आणि व्याजाचे दाखले शोधले जातात. आयकराचं विवरणपत्र भरायचे हे दिवस. बऱ्याच घरांत बाईच्या नावानंही एक विवरणपत्र जातं. पूर्वी तिला ‘इथं सही कर’ म्हणत. आता सहीही लागत नाही, मोबाइलवर आलेला आकडा सांगितला की झालं. त्या कागदात काय लिहिलंय, हे मात्र तिला ठाऊक नसतं. म्हणून आज या कराचा इतिहास सांगते, कारण बाईचं वेगळं नाव त्यात कसं आलं हे कळलं की पुढचे नियम सोपे होतात.

आपल्या देशात आयकर आला 1860 साली. 1857 च्या उठावात इंग्रज सरकारचा खजिना रिकामा झाला होता. तो भरून काढायला जेम्स विल्सन नावाचे अर्थमंत्री विलायतेहून आले आणि 24 जुलै 1860 पासून कर सुरू झाला. वर्षाला 200 रुपयांच्या आतलं उत्पन्न करमुक्त होतं. पुढं दादाभाई नौरोजींनी सामान्य भारतीयाचं सरासरी वार्षिक उत्पन्न 20 रुपयांच्या आसपास काढलं होतं, यावरून हा कर किती थोड्यांना लागला असेल ते समजतं. पाच वर्षांनी तो बंद झाला. नंतर वेगवेगळे कर येत-जात राहिले आणि 1886 साली कायम स्वरूपाचा कायदा झाला. शेतीचं उत्पन्न त्यातून वगळलं गेलं. आपल्याकडे धान पिकवणाऱ्याला धानावर आयकर नाही, पण धान घेऊन तांदूळ विकणाऱ्या गिरणीमालकाला आहे, त्याची सुरुवात तिथून.

त्याच कायद्यानं ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ करासाठी वेगळं धरलं. आपण जैनही त्यात येतो. आपल्या कित्येक पेढ्यांची खाती अजून अशीच आहेत. त्याचा कर्ता म्हणजे घरातला मोठा पुरुष, हे गृहीतच होतं. महाराष्ट्रानं 1994 साली अविवाहित मुलींना या मालमत्तेत जन्मानं हिस्सा दिला, आणि 2005 साली देशभर सर्व मुलींना तो मिळाला. 2015 च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं थोरली मुलगीही कर्ता होऊ शकते असा निकाल दिला. सून मात्र या कुटुंबाची सदस्य असते, तिला मुलीसारखा जन्मानं हिस्सा नसतो. म्हणून तिचं स्वतःचं खातं अधिकच महत्त्वाचं.

आता 1937 सालाकडे या. त्या वर्षी दोन कायदे झाले. एकानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा दिला, तोही हयातीपुरता. त्यावर पूर्ण मालकी यायला 1956 उजाडलं. दुसरी होती आयकर कायद्यातली दुरुस्ती. नवरे बायकोच्या नावावर पैसे टाकून कर वाचवत, म्हणून त्या पैशाचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचं ठरलं. 1961 च्या कायद्यातही तो नियम राहिला आणि आजही आहे.

हा नियम नीट समजून घ्या, कारण घोटाळा इथंच होतो. नवऱ्यानं तुमच्या नावावर ठेव केली, तर तिचं व्याज त्याच्या उत्पन्नात जातं. त्या व्याजातून तुम्ही पुन्हा ठेव केली, तर तिचं व्याज मात्र तुमचं. माहेरहून मिळालेलं, स्त्रीधन, शिवणाचे किंवा शिकवणीचे पैसे, त्यांवरचं व्याज, हे सगळं तुमचंच उत्पन्न. नवऱ्याच्या दुकानातून तुम्हाला पगार दाखवला आणि त्या कामाचं तुमच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक ज्ञान नसेल, तर तो पगारही त्याच्याच उत्पन्नात मिळतो. म्हणून कुठला पैसा कुठून आला याची एक वही ठेवा.

यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. बाईची स्वतःची कमाई आपल्या कायद्यानं तिचीच मानली. आपल्यावर राज्य करणाऱ्या इंग्लंडात मात्र लग्न झालेल्या बाईचं उत्पन्न नवऱ्याचंच धरायचा नियम एप्रिल 1990 पर्यंत होता! शेजारच्या गोव्याची रीत आणखी वेगळी. तिथं पोर्तुगीज काळापासून नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणून तिथल्या जोडप्यांचं भाडं, धंदा, व्याज यांचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं मोजतात, पगार तेवढा ज्याचा त्याचा.

मध्यंतरी काही वर्षं बायकांना सवलतही होती. 2005-06 मध्ये पुरुषांना एक लाखापर्यंत कर नव्हता, बायकांना 1 लाख 35 हजारांपर्यंत. साहजिकच पुष्कळ घरांत बाईचं नाव कागदावर आलं. 2012-13 पासून हा फरक गेला. नाव राहिलं, पण ज्या नावाखाली काय आहे ते नावाच्या धनिणीलाच माहीत नाही, असं होऊन बसलं.

तर आजचं थोडक्यात. 1961 चा कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झालाय, पण आपल्याला लागणाऱ्या मूळ गोष्टी त्याच आहेत. 2025-26 साठी नव्या कररचनेत चार लाखांपर्यंत कर नाही. बारा लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होऊ शकतो, पण शेअर किंवा जमीन विकून झालेल्या नफ्याला वेगळे नियम आहेत. आणि चार लाखांवर उत्पन्न असेल तर कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावंच लागतं. ठेवीचं व्याज एका बँकेत वर्षाला 50 हजारांवर गेलं की बँक दहा टक्के कापते. ज्येष्ठांना ही मर्यादा एक लाख आहे. आपल्याला कर लागत नसेल तर कापलेले पैसे परत मिळतात, पण विवरणपत्र भरलं तरच. भरण्याआधी आयकराच्या संकेतस्थळावर स्वतःचं एआयएस उघडून बघा. तुमच्या नावावरचं व्याज, लाभांश, बहुतेक मोठे व्यवहार तिथं दिसतात. लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन क्रमांक तोच राहतो, नवा काढायचा नाही. फक्त नावाची दुरुस्ती करायची.

आपल्या धर्माशी याचा संबंध आहेच. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितलेत, त्यात ‘विरुद्धराज्यातिक्रम’ हा एक आहे. राज्याचा नियम डावलणं, कर चुकवणं त्यातच येतं असं आपण ऐकत आलोय. आणि परिग्रहाचं परिमाण घ्यायचं तर आधी आपल्याकडे आहे किती, हे आपल्याला माहीत हवं ना! जिच्या नावावर काय आहे हे तिलाच ठाऊक नाही, ती मर्यादा कशाची घालणार?

नवऱ्यावर किंवा मुलावर अविश्वास दाखवा, असं मी म्हणत नाही. हिशेब त्यांनीच करावा, चंद्रपूरच्या सीएंकडेही त्यांनीच जावं. पण घरात अचानक आजारपण आलं, कर्ता माणूस गेला, तर बँकेत आणि आयकर खात्यात उभं राहायचं तुम्हालाच असतं. तेव्हा त्या दुःखात पासवर्ड शोधत बसायची वेळ कुणावर येऊ नये. यंदा मोबाइलवर आकडा आला की तो सांगण्याआधी एवढंच म्हणा, ‘आधी मला वाचून दाखवा.’