डांबराच्या नावातले झाड

डांबर म्हटले की डोळ्यांपुढे काळी सडक उभी राहते. झाड उभे राहत नाही. आज रस्त्यावर पडणारे डांबर म्हणजे खनिज तेलातून इंधने काढून घेतल्यावर उरणारा चिकट अवशेष. त्याचे वनस्पतीशी नाते जोडणे चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या शब्दांनी हा पदार्थ ओळखला जातो, त्यांच्या मुळाशी झाडेच आढळतात.

'डांबर' आणि हिंदीतील 'डामर' यांचा संबंध मलय भाषेतील 'दामर'शी, म्हणजे झाडाच्या राळेशी, जोडला जातो. यूल व बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही हा शब्द राळेच्याच अर्थाने नोंदलेला आहे. संस्कृतातील 'शिलाजतु' म्हणजे दगडाची लाख. यातील 'जतु' महाभारतातल्या जतुगृहामुळे आपल्या परिचयाचा आहे. लॅटिन 'बिट्युमेन' हा याच 'जतु'चा दूरचा भाऊबंद मानला जातो. गॉल लोक भूर्जवृक्षापासून बिट्युमेन काढतात, असे थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. माणसाला चिकटपणाची ओळख आधी झाडाने करून दिली आणि जमिनीतून निघालेल्या पदार्थाने ते नाव पुढे चालवले, असे म्हणता येईल.

नावाप्रमाणे वापरातही वनस्पती होती. बाबिलोनच्या तटबंदीत विटा तापलेल्या डांबराने जोडल्या होत्या आणि दर ३० थरांनंतर वेताच्या चटया घातल्या होत्या, असे हिरोडोटस सांगतो. मेसोपोटेमियातील उत्खननांत सापडलेल्या डांबराच्या लुकणातही गवताकाड्यांचे तुकडे मिसळलेले आढळतात. उन्हात पाघळणाऱ्या पदार्थाला धरून ठेवणे, हे त्या काड्यांचे काम.

आजचा प्रश्न वेगळा आहे. डांबराला वार्धक्य येते. मिश्रण करताना खडीवर डांबराचा पातळ थर बसतो आणि त्या उष्णतेत हवेतील प्राणवायू त्याच्याशी झपाट्याने संयोग पावतो. पुढे रस्त्यावर हीच क्रिया वर्षानुवर्षे संथपणे चालू राहते. तेलकट अंश घटतात, ॲस्फाल्टीन नावाचे जड घटक वाढतात, डांबर ठिसूळ होते आणि रस्त्याला तडे जातात. हे वार्धक्य लांबवण्यासाठी संशोधक पुन्हा झाडाकडे वळले आहेत. लाकडाचे तंतू बांधून ठेवणाऱ्या लिग्निनमध्ये प्राणवायूचा मारा थोपवण्याचा गुण आहे. मात्र त्याने डांबर अधिक ताठरही होऊ शकते. वनस्पती तेले डांबर मऊ करतात, पण त्यांतली काही स्वतःच प्राणवायूला लवकर बळी पडतात. 'वनस्पतिजन्य' या एका विशेषणाखाली परस्परविरुद्ध स्वभाव नांदत आहेत.

नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात २०१५ साली लिग्निन मिसळलेल्या रस्त्याचा प्रयोग झाला. आपल्याकडे नागपूरजवळ मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर डिसेंबर २०२४ मध्ये लिग्निनयुक्त जैव-बिटुमेनच्या पट्ट्याचे उद्घाटन झाले. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. शेतातले तण व पेंढा जाळण्याऐवजी उपयोगात यावा आणि डांबराची आयात घटावी, हा अशा प्रयत्नांमागचा हेतू रास्त आहे.

अशा वेळी 'हे तर प्राचीनांना ठाऊकच होते' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे आम्हाला वाटते. बाबिलोनच्या वेतावर आणि आजच्या लिग्निनवर सोपवलेली कामे एक नव्हेत, आणि व्युत्पत्ती हा गुणवत्तेचा दाखला नव्हे. शब्दाचा इतिहास आपल्याला कुतूहल देतो. पुरावा द्यावा लागतो तो पदार्थानेच. प्रयोगशाळेत डांबर उष्णतेत आणि दाबाखालच्या हवेत २० तास ठेवून रस्त्यावरील अनेक वर्षांच्या वार्धक्याचा अंदाज घेतला जातो. पण तो अंदाजच. खरी परीक्षा मनसरच्या रस्त्यावर, विदर्भातले उन्हाळे आणि मालमोटारींची चाके मिळून घेतील. तिचा निकाल लागेपर्यंत डांबराच्या नावातल्या झाडाला साक्षीदार म्हणून उभे करू नये.