‘वय झालं’ या उत्तराचा इतिहास



आमच्या देवपुरात संध्याकाळी निवृत्त मंडळी बाकांवर जमतात. बीपीची गोळी कोणती, साखर किती, गुडघ्याचं ऑपरेशन कुठे केलं, सगळं मोकळेपणानं बोललं जातं. पण महिना महिना झोप नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, जिवाला सारखा घोर लागलेला आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. चुकून सांगितलंच, तर उत्तर ठरलेलं: “वय झालं, चालायचंच.” आज आपण या उत्तराचा इतिहास पाहणार आहोत. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, डॉक्टर नव्हे. म्हणून औषधांविषयी बोलणार नाही, समजुतीविषयी बोलू.

सुरुवात घरापासूनच करू. आपल्या धुळ्यातल्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जतन केलेली आहेत. त्याच समर्थांच्या दासबोधाचा तिसरा दशक पाहा. माणसाच्या आयुष्याचा दुःखपट तिथे जन्मापासून मांडला आहे. कमावता काळ संपला की घरचेच म्हाताऱ्याला कसे कंटाळतात, हेही त्यात आलं आहे. दशकाचा शेवट मात्र वैराग्यावर होतो. म्हणजे वृद्धाचं दुःख समर्थांना पूर्ण दिसलेलं आहे, पण त्यांच्या लेखी ते संसाराचं खरं रूप ओळखण्याचं निमित्त आहे.

आता तीनशे वर्षं पुढे या. १९७० साली शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं. अप्पासाहेब बेलवलकर सगळं मुलांना देऊन टाकतात आणि मुलांच्याच घरी परके होतात. नाट्यगृहं रडली. या नाटकानं म्हातारपणाच्या वेदनेला मोठा आवाज दिला, यात शंका नाही. पण प्रेक्षक घरी काय घेऊन गेला? म्हातारा खचला, म्हणजे मुलं वाईट निघाली.

या दोन समजुती आमच्या मनात शेजारी शेजारी नांदतात. एक म्हणते, हे वयाचंच आहे. दुसरी म्हणते, हे मुलांमुळे आहे. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण उपचाराला जागा एकीतही नाही.

दरम्यान देश बदलत होता. १९५१ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं सुमारे २ कोटी होती, २०११ मध्ये ती १० कोटींच्या वर गेली. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. २००७ मध्ये आई-वडील व ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा आला. कायद्यानं पोटगी मागता येते. मनातलं कुणाला सांगायचं, हे कायदा कसा ठरवणार?

हा प्रश्न गोव्यात नीट विचारला गेला. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये तिथला एक अभ्यास प्रसिद्ध केला. खचलेल्या वृद्धाचं वर्णन ऐकल्यावर लोकांना ते लगेच ओळखू आलं. पण हा आरोग्याचा प्रश्न आहे, असं त्यांना वाटत नव्हतं. मुलांनी हेळसांड केली, माया केली नाही, म्हणून असं होतं, हे त्यांचं स्पष्टीकरण. मुलांकडून होणारी देखभाल पुष्कळदा वारशाच्या अपेक्षेवर टिकून असते, हेही त्यात दिसलं. आणि उद्या आपण परावलंबी झालो तर काय, ही धास्ती वृद्धांमध्ये सर्रास होती.

इथे क्षणभर थांबू या. उदासीचं कारण म्हणजे मुलं, असं सगळ्या गावानं ठरवलेलं असेल, तर “मला उदास वाटतं” हे वाक्य उच्चारणं म्हणजे पोटच्या मुलाची चारचौघांत तक्रार करणं होतं. कोणती आई ते करील? आमच्या मते म्हाताऱ्यांच्या गप्प राहण्याचं मोठं कारण हे आहे. त्यांना शब्द सापडत नाहीत असं नाही. त्या शब्दांची किंमत मुलाला मोजावी लागेल, हे त्यांना कळतं.

मग वाट कोणती? तीही गोव्यातच दिसली. ‘दिल’ नावाच्या उपक्रमात साठीपुढचे १८१ जण निवडले गेले. पुरता आजार जडलेला नव्हता, पण लक्षणं दिसू लागली होती. त्यांतल्या ९१ जणांशी प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते बोलत. ते डॉक्टर नव्हते. अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या, झोपेची घडी कशी बसवायची, मधुमेहासारखं दुखणं कसं सांभाळायचं, सरकारी योजना कशी मिळवायची, असं हे बोलणं. वर्षभरात या ९१ पैकी ४ जणांना तीव्र नैराश्य आलं. नेहमीचेच उपचार मिळालेल्या ९० पैकी १३ जणांना आलं. आकडे लहान आहेत, पण “चालायचंच” म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीत फरक पडतो, एवढं त्यांतून नक्की कळतं.

झिम्बाब्वेत २००६ पासून हेच काम आज्या करतात. दवाखान्याच्या आवारात बाक असतो, आजी शेजारी बसून ऐकते. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडेही म्हणतातच की, “फार विचार करतो बिचारा!”

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक दुःख हा आजार नव्हे. पन्नास वर्षांचा जोडीदार गेल्यावर रडू येणारच, त्याला गोळी शोधू नये. पण दोन आठवडे उलटूनही कशातच मन लागत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते वय नव्हे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक त्यासाठी आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आणि बाक तर आपल्याकडे आहेतच. उद्या संध्याकाळी शेजारच्याला साखर किती ते विचाराल, तेव्हा झोप लागते का तेही विचारा. मुलाचं नाव काढू नका. नुसतं ऐका.