झील धरणारे परदेशी गेले

मागच्या महिन्यात बदलापूरकडच्या एका गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि एका ताईंची मुलगी म्हणाली, "आमच्या कॉलेजचा समूहगीताचा संच युवा महोत्सवात उतरलाय. आमच्यासारखे संच कधी परदेशात जातात का?" तिची आजी पटकन म्हणाली, "गाणं म्हणायला कोण गं इमानाचं तिकीट देतंय?" सगळ्या हसल्या. प्रश्न मात्र चांगला होता, म्हणून आज त्याचीच माहिती सांगते.

समुद्र ओलांडण्याची गोष्ट आपल्या शेजारच्या कल्याणपासून सुरू करू. आनंदीबाई जोशी कल्याणला 1865 साली जन्मल्या आणि 1883 साली बोटीने अमेरिकेला गेल्या. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं तेव्हा लोक मानत. घरच्यांशिवाय गेलेली बाई तर विचारूच नका. त्या 1886 साली डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि 1887 साली बाविसाव्या वर्षी वारल्या. त्या एकट्या होत्या. गट म्हणून जायचं तर प्रश्न वेगळे येतात. पैसा कुठून आणायचा, सगळ्यांची रजा एकाच वेळी कशी मिळवायची, आणि गावच म्हणालं की "जाऊ नका", तर काय करायचं?

यातला शेवटचा प्रश्न खरोखर आला होता, 1980 साली, पुण्याच्या एका संचापुढे. ती गोष्ट मी जरा सविस्तर सांगणार आहे.

विजय तेंडुलकरांनी 'घाशीराम कोतवाल' हे नाटक लिहिलं. त्याचा पहिला प्रयोग पुण्याला 16 डिसेंबर 1972 रोजी झाला. बसवलं जब्बार पटेलांनी. हे डॉक्टर, दौंडला त्यांचा दवाखाना. दौंडला पेशंट तपासायचे आणि पुण्याला तालमी घ्यायच्या. नाना फडणवीसांचं काम करणारे मोहन आगाशे हेही डॉक्टरच, मनोविकारांचे. संगीत भास्कर चंदावरकरांचं, नाच कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेला. बाकीची बरीचशी मंडळी पुण्याच्या महाविद्यालयांत एकांकिका करता करता एकत्र आलेली तरुण पोरं. नाटक हे कोणाच्याच पोटापाण्याचं साधन नव्हतं.

या नाटकाची गंमत त्याच्या झीलकऱ्यांत आहे. भारुडात, पोवाड्यात मागे उभे राहून धृपद उचलतात ते आपण पाहिलेत. जात्यावर एकीने ओवी धरली की दुसरी तिच्या मागे सूर लावते, ते तर आपल्या आज्या करतच होत्या. इथे त्या मागच्या माणसांनाच पुढे आणलं. दहा-बारा माणसं ओळीत उभी राहतात. पाठ फिरवली की ती भिंत होते. बाजूला सरकली की दार होतं. भिंतीआड काय चाललंय ते प्रेक्षकाला दिसत नाही, नुसतं कळतं. हीच माणसं कीर्तन म्हणतात, लावणीला ठेका धरतात, आणि पुढच्या क्षणी दगड घेऊन धावणारा जमाव होतात. पडदा नाही, सेट नाही. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्यासारखे गाते गळे याच संचातले. मला विचाराल तर नाना आणि घाशीराम ही नावं मोठी असतील, पण खरं काम या ओळीचं आहे. ती ओळ गाते म्हणून पुढचे दोघे तोलून राहतात.

गोष्ट थोडक्यात अशी. घाशीराम हा परगावाहून पुण्यात आलेला माणूस. पुण्यात त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार बसतो, अपमान होतो. तो सूड घ्यायचं ठरवतो. सूड घ्यायला सत्ता हवी, आणि सत्ता नानांच्या हातात. नानांची नजर घाशीरामच्या मुलीवर, गौरीवर पडते. बाप मुलगी देतो आणि कोतवाली घेतो. पुढे तो शहराला छळतो आणि शेवटी लोक त्याला ठेचून मारतात. घाशीराम हा इतिहासातला खरा माणूस. 1791 साली त्याने कोंडून ठेवलेली माणसं गुदमरून मेली आणि चिडलेल्या लोकांनी त्याला दगडांनी मारलं, इथवर इतिहास आहे. नाना फडणवीस हे पेशव्यांचे मोठे कारभारी, अर्धं राज्य त्यांच्या शब्दावर चाललं, हाही इतिहासच. मुलीच्या बदल्यात कोतवालीचा सौदा ही मात्र नाटककाराची रचना.

पुण्यात वाद पेटला. नानांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी, असं म्हणणारे पुष्कळ होते. ज्या संस्थेने नाटक केलं होतं तिनेच एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवलं. मग ही तरुण मंडळी बाहेर पडली आणि 1973 च्या मार्चमध्ये त्यांनी 'थिएटर अकॅडमी' नावाची स्वतःची संस्था काढली. जानेवारी 1974 मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. गट फुटणं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण फुटून बाहेर पडलेल्यांनी वर्षाच्या आत काम उभं केल्याची उदाहरणं मी तरी थोडी पाहिली आहेत.

आणि 1980 साली युरोपातून, बर्लिनच्या महोत्सवातून बोलावणं आलं. आता वाद नव्याने उठला. घरात काय दाखवायचं ते दाखवा, पण परक्यांपुढे आपल्या कर्त्या पुरुषाला असं दाखवायचं? महाराष्ट्राची अब्रू वेशीवर टांगायची? मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. नवऱ्याने मारलं तरी शेजारी कळता कामा नये, असं सांगणाऱ्या सासूबाई याच भाषेत बोलतात. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने जायला परवानगी दिली, आणि सोबत एक अट घातली गेली: प्रत्येक प्रयोगाआधी निवेदन वाचायचं, की हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे. संच गेला, निवेदन वाचलं, आणि मराठी एक अक्षर न कळणाऱ्या लोकांपुढे गायला. पुढे 1986 साली हाच संच अमेरिकेलाही जाऊन आला.

मी बीएला इतिहास घेतला होता, त्यामुळे अशा वादात कोण काय म्हणालं ते शोधत बसायची मला सवय आहे. या वादात मला एक गोष्ट खटकते. नानांच्या अब्रूसाठी मोर्चे निघाले, कोर्टात वकील उभे राहिले. पण त्या नाटकात ज्या मुलीचा सौदा होतो, गरोदरपणी सुईणीकडे जिचा अंत होतो, त्या गौरीच्या बाजूने कुणी निवेदन वाचायला लावलं नाही. पूर्वी आपल्याकडे अशी पोर खरोखर दिली जात होती, हे परदेशातल्या लोकांना सांगा, असंही कुणी म्हटलं नाही. खुद्द नानांची नऊ लग्नं झाली होती, हे तर इतिहासाच्या पुस्तकात आहे. ते मरण पावले 1800 साली, तेव्हा मागे राहिलेली एक पत्नी अजून लहान मुलगीच होती.

नाटकातली झील झाली. निव्वळ समूहगानाचंही उदाहरण आपल्याकडे आहे, आणि त्याच्या पुढे बाई उभी आहे. मुंबईत व्हिक्टर परांज्योती यांनी एक गायकवृंद उभा केला होता. ते 1967 साली वारले आणि वृंदाची जबाबदारी कूमी नरिमन वाडिया यांनी घेतली. हे गाणं आपल्यासारखं एकसुरी नसतं. बायकांचे उंच आणि खालचे, पुरुषांचे उंच आणि खालचे, असे चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या चाली गातात आणि त्या एकमेकींत बसतात. पुढे उभी असलेली व्यक्ती गात नाही. ती हातांनी सगळ्यांना धरून ठेवते. हे काम परदेशातही कूमीताईंनी केलं. भारतात आणि बाहेर असा वृंद चालवणारी पहिली भारतीय बाई म्हणून त्यांचं नाव घेतात. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या उल्हासनगरात तर गाणी उलट्या दिशेने आली. फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईला उतरलेली सिंधी कुटुंबं लष्कराच्या रिकाम्या छावणीत राहिली. त्या छावणीला 1949 साली उल्हासनगर नाव मिळालं. बायांनी येताना भांडी किती आणली असतील ती असोत, लग्नातले 'लाडे' मात्र आणले, आणि ते अजूनही चारचौघी मिळून ढोलकीवर म्हणतात. तो काही दौरा नव्हता, परतीचं तिकीटच नव्हतं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. संच निवडला गेला आणि पासपोर्ट नाही म्हणून एखादी पोर मागे राहिली, असं होऊ देऊ नका. मोठ्या माणसाच्या छत्तीस पानी पासपोर्टला साधी फी 1500 रुपये आहे आणि तो दहा वर्षं चालतो. डिसेंबर 2016 पासून अर्जात आई किंवा वडील, दोघांपैकी एकाचं नाव चालतं. लग्न झालेल्या बाईकडे लग्नाचा दाखला मागत नाहीत. घटस्फोटितेला नवऱ्याचं नाव घालण्याची सक्ती नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, ठरल्या दिवशी मूळ कागद घेऊन केंद्रावर जायचं, मग पोलीस चौकशी होते. नाव आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, असं असेल तर ते आधी सारखं करून घ्या, वेळ तिथेच जातो. ज्यांना अर्ज भरायचा आहे त्यांनी पुढच्या बैठकीला मुलीच्या जन्माचा दाखला घेऊन या, आपण एकत्र बसून भरू.