इंजिन तेलगळती

इंजिन तेलगळती म्हणजे मोटारीच्या इंजिनातील वंगणतेल सांधे, सील किंवा झाकणे यांच्या फटींतून बाहेर झिरपणे. जुन्या मोटारींमध्ये हा दोष सर्रास आढळतो. गळती थोडी असली तरी तेलाची पातळी हळूहळू खाली जाते. पुरेसे तेल न मिळाल्यास बेअरिंगे घासली जातात आणि इंजिन जाम होऊ शकते. तापलेल्या एक्झॉस्ट नळीवर तेल पडल्यास धूर होतो व आग लागण्याचाही धोका असतो. या दोषात सुटा भाग बदलण्यापेक्षा गळतीचा उगम शोधणे बहुधा अधिक अवघड असते. तेल खाली ओघळते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे ते जेथून ठिबकते तेथूनच गळत असेल असे नाही.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील जुन्या मोटारींपैकी प्रीमियर पद्मिनी ही विशेष परिचित आहे. मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने १९६४ पासून फियाट ११०० डी या प्रतिमानावर आधारित ही मोटार तयार केली. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. तिचे १,०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असून त्याची टायमिंग साखळी तेलात फिरते. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे ७९६ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन आडवे बसवलेले असते आणि त्यात साखळीऐवजी रबरी पट्टा असतो. हा पट्टा कोरडाच राहावा लागतो. त्याच्या मागचे सील गळू लागल्यास तेलाने पट्टा खराब होतो. म्हणून एकाच जागेची गळती सर्व मोटारींत सारखीच गंभीर नसते.

कारणे

इंजिनाच्या दोन धातूंच्या भागांमध्ये कॉर्क, कागद किंवा रबराचे गॅस्केट असते. गॅरेजमध्ये त्याला 'पॅकिंग' म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कॉर्क आक्रसतो आणि रबर कडक होऊन तडकते. फिरत्या दांड्याभोवतीच्या ऑइल सीलची रबरी कडा झिजते, तसेच दांड्यावरही बारीक चर पडते. गळतीच्या नेहमीच्या जागा वरून खाली पुढीलप्रमाणे आहेत:

* टॅपेट कव्हरचे गॅस्केट आणि तेल भरण्याचे झाकण
* डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेली ओ-रिंग
* यांत्रिक इंधनपंपाचे गॅस्केट
* तेलाच्या दाबाचा स्विच व ऑइल फिल्टर
* टायमिंग कव्हर आणि क्रँकदांड्याचे पुढचे व मागचे सील
* ऑइल चेंबरचे गॅस्केट व त्याचा नट

यांखेरीज एक कारण सहसा दुर्लक्षित राहते. पिस्टनच्या रिंगा झिजल्यावर जळालेले वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतात. त्यांना बाहेर नेणारी ब्रीदर नळी काजळीने बुजली, तर आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. अशा वेळी केवळ सील बदलल्यास काही दिवसांत गळती पुन्हा सुरू होते. डिपस्टिकवरील वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरल्यानेही गळती वाढू शकते.

गळतीचे प्रमाण

एका थेंबाचे आकारमान सुमारे ०.०५ मिलिलिटर धरल्यास मिनिटाला एक थेंब या वेगाने २४ तासांत सुमारे ७२ मिलिलिटर, म्हणजे १४ दिवसांत सुमारे एक लिटर तेल जाते. इंजिन चालू असताना तेल दाबाखाली असल्याने स्विच किंवा फिल्टरजवळची गळती याहून कितीतरी वेगवान असू शकते. डॅशबोर्डवरील तेलाचा लाल दिवा पातळी नव्हे, तर दाब कमी झाल्याचे दाखवतो. तो चालत्या गाडीत लागला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन ताबडतोब बंद करणे आवश्यक असते.

निदान

प्रथम गळणारा द्रव कोणता हे ठरवले जाते. वातानुकूलन यंत्राचे पाणी निव्वळ स्वच्छ असते. शीतक रंगीत व गोडसर वासाचा असतो. ब्रेकचे तेल फिकट असून बहुधा चाकाजवळ आढळते. गिअरचे तेल दाट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिनतेल मधासारख्या रंगाचे, तर वापरानंतर काळे असते.

पुण्यातील कसबा पेठेसारख्या जुन्या वस्तीत गल्ल्या अरुंद असल्याने मोटारी अनेकदा रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. तेथे जमिनीवरचा डाग दुसऱ्या वाहनाचाही असू शकतो. म्हणून रात्री इंजिनाखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवून त्यावर पुढची बाजू खुणेने दाखवल्यास थेंबांची जागा व प्रमाण कळते. उतारावर उभ्या गाडीत डिपस्टिक चुकीची पातळी दाखवते. त्यामुळे सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पातळी पाहिली जाते.

यानंतर थंड इंजिन तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने धुऊन कोरडे केले जाते. डिस्ट्रिब्युटर व विजेच्या जोडण्या झाकून घेतल्या जातात. स्वच्छ इंजिन काही वेळ चालवून विजेरी व छोट्या आरशाच्या साहाय्याने वरून खाली तपासणी करतात. सर्वांत उंचावरील ओली जागा हा बहुधा उगम असतो. ओल बारीक असल्यास संशयित सांध्यावर टाल्कम पावडर शिंपडली जाते व तेलाची पहिली रेघ तीत उमटते. तेलात मिसळलेला रंग अतिनील दिव्याखाली पाहणे ही आणखी एक पद्धत आहे. ब्रीदर नळी तपासण्यासाठी इंजिन मंद गतीवर ठेवून तेलाचे झाकण उघडतात. तेथून जोराने धुराचे झोत येत असतील, तर क्रँककेसमध्ये दाब साचल्याचा संशय घेतला जातो.

दुरुस्ती

स्वस्त व सोपे उपाय आधी करणे हिताचे असते. ब्रीदर नळी साफ करणे, तेलाची पातळी योग्य ठेवणे आणि सैल बोल्ट बेताने आवळणे यांनी काही गळती थांबते. पत्र्याचे कव्हर जास्त आवळल्यास बोल्टच्या छिद्राभोवती वाकते आणि गळती वाढते. असे कव्हर सपाट लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ केले जाते. नवे गॅस्केट बसवताना दोन्ही पृष्ठभाग पूर्ण साफ करून बोल्ट थोडेथोडे, समोरासमोरच्या क्रमाने आवळतात. सिलिकॉन सीलंटचा थर पातळ हवा, कारण आत सुटलेले त्याचे तुकडे तेल ओढणाऱ्या जाळीत अडकून तेलपुरवठा रोखू शकतात.

चेंबरच्या नटाखाली अनेक गाड्यांत तांब्याचा वायसर असतो. दाबामुळे तांबे कडक होते आणि नीट बसत नाही. कसबा पेठेतील तांबट आळीचे कारागीर ठोक्यांनी कडक झालेले तांबे तापवून पुन्हा मऊ करतात. वायसरही लालसर होईपर्यंत तापवून त्याच तत्त्वाने मऊ करता येतो, मात्र नवा वायसर घालणे अधिक खात्रीचे असते.

क्रँकदांड्याच्या मागच्या सीलसाठी बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून मजुरी जास्त पडते आणि निदान पक्के असल्याशिवाय हे काम हाती घेतले जात नाही. तेलाने भिजलेली क्लचप्लेट त्याच वेळी बदलतात. दांड्यावर चर असल्यास नवे सील किंचित वेगळ्या खोलीवर किंवा दांड्यावर पातळ धातूची नळी चढवून बसवले जाते. रबर फुगवणारी तेलातील मिश्रणे तात्पुरता उपाय ठरतात.

गाडीखाली काम करताना केवळ जॅकवर विसंबणे प्राणघातक ठरू शकते. भक्कम स्टँड आवश्यक असतात. पुण्यात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी नाना पेठेतील बाजारपेठ परिचित आहे.

पर्यावरण

वापरलेले इंजिनतेल २०१६ च्या घातक व इतर टाकाऊ पदार्थविषयक केंद्रीय नियमांच्या कक्षेत येते. ते गटारात न टाकता बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे लागते. कसबा पेठेलगत मुठा नदी वाहते, त्यामुळे रस्त्यावर सांडलेले तेल पावसाच्या पाण्याबरोबर नदीत पोहोचू शकते. सांडलेल्या तेलावर भुसा किंवा कोरडी माती टाकून ते शोषून घेतले जाते.

हेही पाहा

* प्रीमियर पद्मिनी
* मारुती ८००
* वंगण
* कसबा पेठ