थेट प्रक्षेपण आणि जवानांची सुरक्षितता

लष्करी वा दहशतवादविरोधी कारवाई चालू असतानाच तिचे डावपेच दूरचित्रवाणीवर दाखवल्याने जवानांना होणारा धोका. भारतात या वादाचे मुख्य उदाहरण मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला. २८ नोव्हेंबरला सकाळी दहशतवाद्यांच्या ताब्यातील कुलाब्याच्या नरिमन हाउसच्या गच्चीवर राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरले. कोण, किती आणि कुठून आले, हे वाहिन्यांनी देशभर थेट दाखवले. पाकिस्तानातील सूत्रधार टीव्ही पाहत होते आणि फोनवरून दहशतवाद्यांना सूचना देत होते. याच इमारतीतील कारवाईत हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट यांना वीरमरण आले. मात्र प्रक्षेपणामुळे नेमकी जीवितहानी झाली का, हे सांगता येत नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने हल्ल्यातील दहशतवादी कसाब याच्या खटल्याच्या निकालात (२९ ऑगस्ट २०१२) नमूद केले. सुरक्षा दलांचे काम त्यामुळे अधिक अवघड व धोक्याचे झाले, याबद्दल न्यायालयाला शंका नव्हती. वाहिन्यांचा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा बचावही त्याने फेटाळला, आणि तो टिकण्याजोगा नव्हताच. तीच दृश्ये कारवाई संपल्यावर दाखवता आली असती. २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजन नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई झाली. कारवाई संपेपर्यंत नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच प्रसारित करता येते.