किहीममध्ये किहीमकर का नाहीत?

आजचा भाग माझ्याच एका चुकीपासून सुरू होतो, त्यामुळे आधी तीच सांगून टाकतो.

मी जिथं नोकरी करतो तिथं लोकांची कागदपत्रं तपासणारं सॉफ्टवेअर बनतं. दोन कागदांवरची नावं एकाच माणसाची आहेत का, हे ठरवणाऱ्या कोडचा एक तुकडा माझा. त्यात एक साधा नियम होता. नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, आणि आडनाव जुळलं नाही तर गाडी पुढे जात नाही. गेल्या पावसाळ्यात एक तक्रार आली. एका बाईंना त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या गुंतवणुकीचे पैसे मिळायचे होते. वडिलांच्या एका कागदावर तीन शब्दांचं नाव, शेवटी 'कर'वालं आडनाव. दुसऱ्या कागदावर पहिले दोनच शब्द, 'कर' गायब. माझ्या कोडनं ठणकावून सांगितलं, ही दोन वेगळी माणसं आहेत. बाई तीन आठवडे हेलपाटे घालत होत्या आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर येत होतं.

बाईंचं आडनाव सांगणार नाही, ती त्यांची खासगी बाब. पण पहिले दोन शब्द बायबलमधले होते आणि तिसरा शब्द थेट कोकणातल्या एका गावाचा. बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी ज्यू. मी जन्मापासून गिरगावात वाढलो, सँडहर्स्ट रोडवरून हजारदा गेलो, पण या आडनावांमागे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. चूक दुरुस्त करायची म्हणून वाचायला बसलो आणि त्यातच अडकलो. दिवेकर, पेणकर, राजपूरकर, नवगावकर, चेऊलकर, झिराडकर... अशी शंभराहून जास्त आडनावं या एवढ्याशा समाजात आहेत, बहुतेक सगळी रायगड जिल्ह्यातल्या गावांवरून पडलेली. त्यातलं एकच आज घेऊ. किहीमकर.

किहीम तुम्हाला माहीत असेलच. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडायची, मांडव्याला उतरायचं, अलिबागच्या रस्त्याला लागायचं. बीच, सुरूची झाडं, वीकेंडचे बंगले. मार्चमधल्या एका रविवारी मी तिथं गेलो. रस्त्याच्या कडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन एक आजोबा बसले होते. त्यांना विचारलं, "आजोबा, इथं किहीमकर कुठं राहतात?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. म्हणाले, "इथं सगळेच किहीमकर. मग लावायचं कोणाला?"

अख्खा एपिसोड त्या एका वाक्यात आला खरं तर. पण थांबा, एवढ्यात बंद करू नका.

'कर' म्हणजे तिथला. आपण समजतो की आडनाव माणूस कुठला ते सांगतं. ते बरोबरच आहे, पण अर्धंच. तिथला हे सांगायची गरज केव्हा पडते? माणूस तिथं नसतो तेव्हा. गावात असेपर्यंत तो अमक्याचा मुलगा, तमक्या घरातला. तो पेणला, अलिबागला किंवा मुंबईला आला की समोरचा विचारतो, "कुठला तू?" त्या प्रश्नाचं उत्तर चिकटून राहतं. म्हणजे 'कर' हे गाव सोडल्याची पावती आहे. अपवाद असतात, सोडून गेलेलं एखादं घर 'कर' घेऊनच गावात परतलेलं असतं. पण अशा आडनावाच्या घरांचे ठिपके नकाशावर टाका, मधोमध एक भोक दिसेल आणि ते भोक म्हणजे मूळ गाव.

आमच्याच घरचं बघा ना. आमचंही आडनाव गावावरून, गाव देवगड तालुक्यात. लहानपणी मे महिन्यात गेलो की मला नवल वाटायचं की या अख्ख्या गावात आमच्या आडनावाचं एकही घर कसं नाही! आजी म्हणायची, "कारण आपण गेलो रे." मला वाटायचं ती विषय टाळतेय.

आता इतिहासाकडे. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना तिथंच पुरलं, आणि नवगावला आजही त्यांचं स्मारक आहे. किहीम त्याच किनाऱ्यावर, नवगावच्या जवळच. हे कधी घडलं यावर वाद आहेत आणि ते मी इथं सोडवणार नाही. पण पुढचं चित्र स्पष्ट आहे. ही माणसं गावोगाव पांगली, मराठी बोलू लागली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची नावंसुद्धा मराठी वळणाची झाली. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी.

अठराव्या शतकात इंग्रजांच्या मुंबईत फौजेत भरती सुरू झाली आणि गावं रिकामी होऊ लागली. यातले सगळ्यात गाजलेले म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर. फौजेत मोठ्या हुद्द्यावर होते, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले असं समाजात सांगतात. १७९६ साली त्यांनी मांडवीत मुंबईचं पहिलं सिनेगॉग बांधलं, शाआर हारहामीम, म्हणजे दयेचं दार. तो रस्ता सॅम्युएल स्ट्रीट. मशीद बंदर स्टेशनाच्या नावातली 'मशीद' म्हणजे हेच सिनेगॉग, असं मानलं जातं. पुढच्या वेळी हार्बर लाइनला त्या स्टेशनची अनाउन्समेंट ऐकलीत की लक्षात ठेवा, एका दिवेकरानं दिवे सोडलं त्याचाही त्यात हात असू शकतो.

आणि मग येतात हायम सॅम्युएल किहीमकर. जन्म १८३०, अलिबागचा. म्हणजे किहीम त्यांच्या आधीच मागे पडलेलं होतं. मुंबईत सरकारी नोकरी केली, आणि १८७५ साली आपल्या समाजातल्या मुलांसाठी सोबत्यांच्या मदतीनं शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा तिचीच पुढची पिढी. पण मला या माणसाचं वेड लागलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. दिवसा कारकुनी सांभाळून यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. कोणती गावं, कोणत्या चालीरीती, कोण फौजेत कुठल्या हुद्द्याला चढलं. कोणी मागितला नव्हता, विद्यापीठाची पदवी मिळणार नव्हती. १८९७ पर्यंत हस्तलिखित तयार झालं. ते वारले तेव्हा पुस्तक छापलेलं नव्हतं. ते छापलं गेलं १९३७ साली. कुठे? तेल अवीवमध्ये. इस्रायल नावाचा देश स्थापन व्हायला अजून अकरा वर्षं होती, आणि किहीमकर हे आडनाव तिथं पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पोचलं होतं.

आता माझ्या बगकडे परत येऊ. नाव, वडिलांचं नाव, गाव अशी या लोकांची तीन डब्यांची गाडी. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. आपल्या चौपाटीचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्या जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. सामाजी परत सॅम्युएल झाला, हसाजी परत इझिकेल. आणि इंग्रजी कागदावर, ऑफिसच्या रजिस्टरात, नावाच्या पाटीवर दोन शब्द पुरेसे ठरू लागले. तिसरा डबा सुटला. वडिलांचं किंवा आजोबांचं नावच आडनाव बनलं.

एकदा हे कळलं की मुंबई वेगळीच दिसायला लागते. महालक्ष्मीहून वरळी नाक्याकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड घ्या. डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. आडनाव राजपूरकर, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या राजपुरीवरून. पाटीवर राजपुरी नाही. 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा आठवतात? १९५४ चा सिनेमा. पडद्यावर नाव नुसतं डेव्हिड, खरं डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आपल्या गिरगावच्या मॅजेस्टिकला १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' लागला, हिंदीतला पहिला बोलपट. तो ज्या नाटकावरून घेतला ते जोसेफ डेव्हिड यांचं, म्हणजे जोसेफ डेव्हिड पेणकर. कवी निस्सीम इझिकेल यांचे वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. घराण्याचं आडनाव तळकर, पण कवितासंग्रहांवर ते कुठंही नाही.

म्हणजे माझा नियम ज्यांना 'दोन वेगळी माणसं' म्हणत होता, तशी माणसं या शहरात दीडशे वर्षांपासून आहेत. आणि मी कोणाला विचारलं का नियम लिहिताना? नाही. माझ्या नावात शेवटचा शब्द आडनाव असतो, तेवढ्यावर भागवलं.

या समाजाला कागदांनी छळायची ही पहिली वेळ नव्हती. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. लोद, अश्दोद, बेरशेबा, दिमोना. तिथं साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशाची चौकशी मागे मागे जाऊन करायचा हुकूम काढला. आजी कोण, पणजी कोण, पुरावा दाखवा. लोक रस्त्यावर आले, धरणी धरली. ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं ठराव करून हे लोक सर्वार्थानं ज्यू आहेत असं सांगितलं तेव्हा प्रकरण निवळलं. ज्यांनी शतकानुशतकं कोकणात शनिवार पाळला म्हणून लोकांनी नाव ठेवलं, त्यांना तिकडे जाऊन हे सिद्ध करावं लागलं!

तिकडे काहींनी 'कर' टाकला, काहींनी घट्ट धरला. हिब्रूच्या रोजच्या लिखाणात बरेचसे स्वर लिहीतच नाहीत, त्यामुळे कोकणातल्या गावाचं नाव तिथला माणूस कसं वाचेल हे देवच जाणे. आपल्याकडे तरी कुठं एकमत आहे? इंग्रजीतून वाचलं तर केहिमकर, मराठी पेपरात किहीमकर. (हो, माझा जुना कोड यालाही दोन माणसं म्हणाला असता.) तरी तिथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं, समारंभात मलिदा होतो. आज तिथले बेने इस्रायल इथल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. भारतात पाचेक हजारांच्या आसपास उरलेत, बरेचसे मुंबई-ठाण्याकडे.

त्या उरलेल्यांतलं एक नाव निसर्गप्रेमींना नक्की ठाऊक असेल, फुलपाखरांवर पुस्तकं लिहिणारे आयझॅक किहीमकर. बरीच वर्षं ते बीएनएचएसमध्ये होते, फोर्टातल्या हॉर्नबिल हाउसमध्ये. त्याच संस्थेचे सलीम अली १९३० च्या सुमारास जाऊन राहिले होते किहीमला. तिथं त्यांनी सुगरण पक्ष्याचा गाजलेला अभ्यास केला. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन बघते, पसंत पडलं तरच राहते, आणि मग नर दुसरं घरटं विणायला लागतो. किहीमला राहायला गेलेल्या माणसाचं आडनाव अली आणि मुंबईत राहिलेल्याचं किहीमकर. योगायोग आहे, पण मला आवडला म्हणून सांगितला.

तक्रारीचं काय झालं? नियम बदलला. आता शेवटचा शब्द जुळला नाही तर कोड थेट नकार देत नाही, उरलेले शब्द आणि जन्मतारीख बघतो आणि शंका असेल तर माणसाकडे पाठवतो. बाईंचं काम झालं. त्यांनी एका ओळीचा मेल पाठवला, मराठीत, की वडील घरात 'कर' लावायचे आणि ऑफिसात नाही. बस्स, एवढंच.

आणि आता आमच्या घरचं. मेट्रो तीनच्या कामात गिरगाव-काळबादेवीच्या इमारती जाणार असं झालं, तेव्हा आमच्या आसपास सगळ्यांच्या तोंडी 'आम्ही गिरगावकर' आलं. त्याआधी आमच्या चाळीत कोणी कोणाला गिरगावकर म्हणाल्याचं मला आठवत नाही. सावंत होते, गोडबोले होते, दुसऱ्या मजल्यावरचे भाई होते. आमची चाळ मेट्रोत नाही गेली, ती नंतर रीडेव्हलपमेंटमध्ये गेली. बिल्डरचं भाडं मिळेपर्यंत ठीक होतं, मग ते अडकलं आणि आम्ही डोंबिवलीला आलो ते राहिलोच. बाबांनी एकसष्ट वर्षं गिरगावात काढली.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीची यादी आली. तिसऱ्या नंबरवर बाबा. सेक्रेटरीला आमचं आडनाव नीट आठवत नसावं. त्यानं लिहिलंय, 'गिरगावकर काका, ५०१ रुपये.' मी म्हटलं, दुरुस्त करायला सांगू का? बाबा चष्मा वर करून बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते.

"राहू दे," म्हणाले.