हवाई प्रदर्शन

हवाई प्रदर्शन म्हणजे विमाने, हेलिकॉप्टरे आणि त्यांच्याशी संबंधित यंत्रसामग्री लोकांसमोर मांडण्याचा व वैमानिकांच्या कौशल्याची प्रात्यक्षिके दाखविण्याचा जाहीर सोहळा होय. अशा प्रदर्शनांत लष्करी आणि नागरी अशा दोन्ही प्रकारची विमाने पाहावयास मिळतात. काही प्रदर्शने मुख्यतः व्यापारी स्वरूपाची असतात, तर काही केवळ जनतेसाठी भरविली जातात. भारतात बंगळूरजवळील येलहंका येथील ‘एरो इंडिया’ आणि हैदराबाद येथील ‘विंग्ज इंडिया’ ही या प्रकारची प्रमुख आंतरराष्ट्रीय प्रदर्शने आहेत. महाराष्ट्रात नागपूर व मुंबई येथे भारतीय हवाई दलाने सार्वजनिक प्रात्यक्षिके सादर केली आहेत. अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांना यांपैकी नागपूर हे केंद्र सर्वांत जवळचे आहे.

स्वरूप

हवाई प्रदर्शनाचे दोन भाग असतात. पहिला भाग स्थिर मांडणीचा. त्यात विमाने धावपट्टीलगतच्या फरसबंद जागेवर उभी केली जातात. प्रेक्षकांना ती जवळून पाहता येतात. क्वचित मालवाहू किंवा प्रवासी विमानाच्या आतही प्रवेश मिळतो. दुसरा भाग उड्डाणाचा. त्यात एकट्या विमानाच्या कसरती, अनेक विमानांची संचलने, हेलिकॉप्टरांची प्रात्यक्षिके आणि हवाई छत्रीच्या साहाय्याने घेतलेल्या उड्या यांचा समावेश होतो.

या दोन भागांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. स्थिर मांडणीसाठी लांब व भक्कम धावपट्टी, विमाने उभी करण्याची प्रशस्त जागा, इंधनपुरवठा आणि अग्निशमन व्यवस्था लागते. उड्डाणाच्या भागासाठी मात्र प्रेक्षक जमतात तेथेच धावपट्टी असणे आवश्यक नसते. विमाने दुसऱ्या तळावरून उडून येतात, कार्यक्रम सादर करतात आणि परत जातात. त्यामुळेच समुद्रकिनारा, तलाव किंवा मोठे मैदान अशा ठिकाणीही हवाई कसरतींचा कार्यक्रम होऊ शकतो.

इतिहास

ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रँस येथे भरलेला विमानोड्डाण सप्ताह हा जगातील पहिला मोठा आंतरराष्ट्रीय हवाई मेळावा मानला जातो. राइट बंधूंच्या १९०३ मधील पहिल्या यशस्वी उड्डाणाला तेव्हा सहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. या मेळाव्यातील वेगाची स्पर्धा अमेरिकन वैमानिक ग्लेन कर्टिस यांनी जिंकली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये विमानांचे पहिले प्रदर्शन भरले. पुढे १९५३ पासून ते ल बूर्जे विमानतळावर होऊ लागले. इंग्लंडमधील फार्नबरो येथील प्रदर्शनाची परंपरा १९४८ पासूनची आहे. आशियात दुबई व सिंगापूर येथील प्रदर्शनांना विशेष महत्त्व आहे.

भारतात विमानाचे आरंभीचे दर्शनही एका प्रदर्शनाच्या निमित्तानेच घडले. १९११ मध्ये अलाहाबाद येथे भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनासाठी विमाने आणली होती. त्यांपैकी एका विमानातून फ्रेंच वैमानिक आंरी पेके यांनी १८ फेब्रुवारी १९११ रोजी सुमारे ६,५०० पत्रे यमुनेपलीकडे नैनी येथे नेली. ही जगातील पहिली अधिकृत हवाई टपाल फेरी म्हणून ओळखली जाते.

भारतातील प्रमुख प्रदर्शने

एरो इंडिया हे प्रदर्शन १९९६ मध्ये सुरू झाले. ते संरक्षण मंत्रालयाच्या वतीने येलहंका येथील हवाई दलाच्या तळावर दर दोन वर्षांनी भरते. त्याचे पंधरावे सत्र १० ते १४ फेब्रुवारी २०२५ या काळात झाले. अमेरिकेचे एफ-३५ आणि रशियाचे सुखोई-५७ ही पाचव्या पिढीची दोन लढाऊ विमाने या सत्रात प्रथमच एकाच प्रदर्शनात पाहावयास मिळाली. आरंभीचे तीन दिवस व्यावसायिकांसाठी आणि शेवटचे दोन दिवस सर्वसामान्यांसाठी राखून ठेवले होते.

विंग्ज इंडिया हे प्रदर्शन नागरी विमान वाहतुकीला वाहिलेले असून ते हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावर भरते. जानेवारी २०२४ मधील सत्रात एअर इंडियाचे पहिले एअरबस ए-३५० विमान जनतेसमोर आले.

यांशिवाय ८ ऑक्टोबर या हवाई दल दिनाच्या निमित्ताने हवाई दल अलीकडे दिल्लीबाहेरील शहरांतही प्रात्यक्षिके सादर करते. २०२२ मध्ये चंडीगड, २०२३ मध्ये प्रयागराज आणि २०२४ मध्ये चेन्नई येथे असे कार्यक्रम झाले.

महाराष्ट्र व सीमाभाग

हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय नागपूर येथे आहे. या मुख्यालयाच्या वतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये वायुसेना नगर येथे ‘एअर फेस्ट’ हा कार्यक्रम झाला. त्यात सूर्यकिरण पथकाच्या कसरती नागपूरकरांना पाहता आल्या. १२ ते १४ जानेवारी २०२४ या काळात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर हवाई दल व महाराष्ट्र शासन यांच्या सहकार्याने प्रात्यक्षिके झाली. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा कार्यक्रम सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्ली येथे झाला. त्यात नौदलाची विमाने व हेलिकॉप्टरे सहभागी झाली होती.

सूर्यकिरण पथकाचे मूळ ठाणे मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या बिदर जिल्ह्यात आहे. १९९६ मध्ये बिदरच्या हवाई तळावर या पथकाची स्थापना झाली. आरंभी ते हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बनविलेली किरण विमाने वापरत असे. २०११ मध्ये पथकाचे काम थांबविण्यात आले. प्रशिक्षणासाठी किरण विमानांची निकड हे त्याचे कारण होते. २०१५ मध्ये हॉक विमानांसह ते पुन्हा सुरू झाले. नऊ विमानांची रचना ही या पथकाची ओळख आहे.

प्रदर्शनांत दिसणाऱ्या काही विमानांची निर्मितीही महाराष्ट्रात होते. नाशिकजवळील ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुखोई-३० एमकेआय विमाने तयार झाली. तेथे तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले.

वऱ्हाड

अमरावती व अकोला या दोन्ही शहरांजवळ विमानतळ आहेत. अमरावतीचा विमानतळ शहराच्या दक्षिणेस बेलोरा येथे आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी त्याचे उद्घाटन होऊन मुंबईसाठी अलायन्स एअरची सेवा सुरू झाली. येथील धावपट्टी १,८५० मीटर लांबीची असून त्यावर एटीआर-७२ या सुमारे सत्तर आसनांच्या, पंख्याच्या विमानाची वाहतूक होते. बेलोरा येथेच एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याचे काम हाती घेतले. दरवर्षी १८० वैमानिक घडविण्याची क्षमता तिच्यासाठी घोषित करण्यात आली असून ३४ प्रशिक्षण विमानांची मागणी नोंदविण्यात आली. अकोल्याचा शिवणी विमानतळ त्याहून जुना आहे. तो १९४३ मध्ये बांधण्यात आला. त्याची धावपट्टी आखूड असून तिच्या विस्ताराचा प्रश्न, लगतच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीच्या संदर्भात, अनेक वर्षे चर्चेत आहे.

मोठी प्रवासी व मालवाहू विमाने एकत्र उभी करता येतील अशी व्यवस्था या दोन्ही ठिकाणी नाही. त्यामुळे स्थिर मांडणी पाहण्यासाठी वऱ्हाडातील विद्यार्थ्यांना बाहेरगावी जावे लागते. नागपूर हे अमरावतीपासून रस्त्याने सुमारे १५० किलोमीटर व अकोल्यापासून सुमारे २५० किलोमीटर अंतरावर आहे. मुंबईकडे जाणाऱ्यांना अमरावती–मुंबई एक्सप्रेस उपयोगी पडते. हैदराबादकडे जाण्यासाठी अकोला–पूर्णा हा लोहमार्ग सोयीचा आहे. काचीगुडा–नरखेड एक्सप्रेस याच मार्गाने अकोला, बडनेरा व अमरावती यांना जोडते. कसरती पथकांना मात्र जवळच्या धावपट्टीची गरज नसल्याने उड्डाणाचा भाग वऱ्हाडातील शहरांतही होऊ शकण्यासारखा आहे.

निरीक्षण

प्रदर्शनातील अनेक गोष्टी शालेय विज्ञानाच्या आधारे समजून घेता येतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. म्हणून एक किलोमीटर अंतरावरील विमानाचा आवाज प्रेक्षकापर्यंत पोहोचण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. ताशी ७२० किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्या वेळात सुमारे ६०० मीटर पुढे गेलेले असते. आवाजाच्या दिशेने पाहणाऱ्यास विमान दिसत नाही, ते याच कारणाने. नजर आवाजाच्या पुढे ठेवावी लागते.

कसरती विमानांच्या मागे दिसणारा पांढरा धूर इंजिनाच्या बिघाडाचा नसतो. तप्त उत्सर्जनात तेल सोडल्याने तो तयार होतो. रंगीत धुरासाठी तेलात रंग मिसळतात. या धुरामुळे विमानाचा मार्ग प्रेक्षकांना दिसतो आणि वैमानिकांनाही परस्परांची स्थिती ओळखणे सुलभ होते.

स्थिर मांडणीत लष्करी व नागरी विमानांतील फरक जवळून ध्यानात येतो. प्रवासी विमानाचे पंख लांब व अरुंद असतात, कारण कमी इंधनात अधिक अंतर कापणे हा त्याचा हेतू असतो. लढाऊ विमानाचे पंख तुलनेने आखूड असून त्याची रचना वेग व चपळ वळणे यांसाठी केलेली असते. मालवाहू विमानाचे पंख बहुधा धडाच्या वरच्या बाजूस जोडलेले असतात. त्यामुळे धड जमिनीलगत राहते आणि सामान चढविणे सोपे जाते.

अपघात व सुरक्षितता

हवाई प्रदर्शनांचे नियम बव्हंशी अपघातांतून घडले आहेत. १९५२ मध्ये फार्नबरो येथे एक विमान हवेत मोडून त्याचे भाग गर्दीवर कोसळले. त्यात २९ प्रेक्षक व विमानातील दोघे मरण पावले. १९८८ मध्ये जर्मनीतील रामश्टाइन येथे तीन विमानांची टक्कर होऊन ७० जणांचा बळी गेला. २००२ मध्ये युक्रेनमधील ल्विव्हजवळ लढाऊ विमान गर्दीत शिरल्याने ७७ प्रेक्षक दगावले.

अशा घटनांनंतर प्रेक्षक व विमानाचा मार्ग यांतील किमान अंतर ठरविण्यात आले. अमेरिकेत सर्वाधिक वेगवान गटातील विमानांसाठी हे अंतर १,५०० फूट म्हणजे सुमारे ४५७ मीटर आहे. कसरत करताना विमानाचा रोख गर्दीकडे नसावा, हेही तत्त्व सर्वत्र मान्य झाले आहे. या नियमांमुळे प्रेक्षकांचा धोका बराच कमी झाला. वैमानिकांचा धोका मात्र उरतोच. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी, एरो इंडियाच्या आदल्या दिवशी, सरावात सूर्यकिरण पथकाच्या दोन विमानांची टक्कर होऊन विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबई येथील प्रदर्शनात तेजस विमान कोसळून विंग कमांडर नमांश स्याल यांना प्राण गमवावे लागले.

पक्ष्यांची धडक हाही एक धोका आहे. उघड्यावर टाकलेल्या मांसामुळे घारी आकर्षित होतात. म्हणून २०२५ च्या एरो इंडियाच्या काळात येलहंका तळाच्या १३ किलोमीटर परिसरात मांसविक्रीवर बंदी घालण्यात आली होती.

जमिनीवरील व्यवस्थाही तितकीच महत्त्वाची असते. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी एरो इंडियाच्या वाहनतळाला आग लागून सुमारे ३०० मोटारी जळाल्या. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर प्रात्यक्षिके पाहण्यास लाखो लोक जमले होते. विमानांचा कोणताही अपघात न होता, उष्णता व गर्दी यांमुळे तेथे पाच जणांचा मृत्यू झाला. मोकळ्या जागेतील कार्यक्रमात पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि परतीच्या वाटांचे नियोजन किती आवश्यक आहे, हे या घटनेने दाखवून दिले. लहान मुलांना नेताना टोपी, पाणी आणि कानांसाठी आवाजरोधक साधन जवळ ठेवणे हितावह ठरते.

हे सुद्धा पहा

सूर्यकिरण
एरो इंडिया
अमरावती विमानतळ
अकोला विमानतळ
भारतीय हवाई दल